पहिल्या नंबराची भिशी

अकराव्या रविवारच्या टेस्टचे पेपर तपासताना माझं डोकं तापत चाललं होतं. आमची तपासायची पद्धत सोपी होती. एका पुठ्ठ्याला बरोबर उत्तरांच्या जागी भोकं पाडायची, पुठ्ठा उत्तरपत्रिकेवर ठेवायचा आणि भोकांतून दिसणारे काळे गोल मोजायचे. बरोबर उत्तराला चार मार्क. चुकलं तर एक मार्क वजा, याला निगेटिव्ह मार्किंग म्हणतात. सोडून दिलं तर शून्य. त्या दिवशी मी सहज मागचं रफ पान उलटलं. गणित शेवटपर्यंत बरोबर सोडवलेलं, उत्तर 'ब' आलेलं, आणि पोरानं गोल काळा केलेला 'ड'चा. दुसऱ्याचा पेपर घेतला, तिथंही तेच. तिसऱ्यातही तेच.

तेव्हा मी लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवत होतो. भूकंपाला काही वर्षं झाली होती, तरी पोरांना तासन्‌तास स्लॅबखाली बसवायला पालक नाखूश असत. म्हणून आमचा क्लास पत्र्याच्या हॉलमध्ये भरायचा. क्लासचे मालक मुरुडचे, सगळे त्यांना भाऊ म्हणत. भाऊंनी तेरा मुलांची स्कॉलर बॅच काढली होती. बारा जण चाचणी घेऊन निवडलेले आणि तेरावी रेणापूरची कविता, हॉलमालकाची भाची. भाडेकरारात हॉल, पाण्याची टाकी आणि कविता असं सगळं एकत्रच आलं होतं.

सिरीज बारा टेस्टची, दर रविवारी एक. भाऊंनी जाहीर केलं की दर टेस्टला पहिला येईल त्याला रोख हजार रुपये. मला ते अजिबात पटलं नाही. मार्कांना पैसे दिले तर उद्या पोरं हजेरीलाही मागतील, असं मी म्हणालो.

"सर, तुम्ही शिकवायचा पगार घेता का न्हाई?" भाऊंनी विचारलं. 

अकरा आठवड्यांत अकरा वेगवेगळे पहिले आले. भाऊ हवेत होते. पेंटर बोलावून त्यांनी रस्त्याकडच्या भिंतीवर अकरा नावं रंगवून घेतली आणि बाराव्यासाठी जागा सोडली.

रफ पानं बघितल्यावर सोमवारी मी प्रशांतला स्टाफरूममध्ये घेतलं. हा उदगीरचा, बॅचचा पुढारी. तो लपवाछपवीच्या भानगडीत पडला नाही.

"सर, आमची भिशी हाय," तो म्हणाला.

बारा जणांनी पहिल्याच आठवड्यात चिठ्ठ्या टाकून नंबर लावले होते. ज्याचा नंबर असेल त्यानं पेपर पूर्ण सोडवायचा. बाकीच्यांनी दोनशेपैकी दीडशेच्या वर जायचं नाही. कोणाचं भांडण नाही, हजार रुपये प्रत्येकाला एकदा. मी विचारलं, दीडशेच्या आत बरोबर थांबता कसं येतं?

"आधी सगळा पेपर सोडवाया लागतो, सर. मगच चुकवता येतं."

मला राग यावा की अभिमान वाटावा, तेच कळेना. कविताला भिशीत का घेतलं नाही, असं विचारल्यावर प्रशांत म्हणाला की ती साठच्या वर कधी जात नाही, तिला नंबर देऊन काय उपयोग?

मी भाऊंना सांगायला उठलो, तर दारात सुमय्या उभी. तिच्या वडिलांचं गंजगोलाईजवळ टेलरिंगचं दुकान. हुशार मुलगी, पण चिठ्ठीत तिचा नंबर शेवटचा, बारावा निघाला होता.

"सर, एवढा रविवार जाऊ द्या. पुढच्या मंगळवारी एन्ट्रन्सच्या फॉर्मची लास्ट डेट हाय. डीडीचे पैसे अब्बांना मागितले न्हाईत, माझा नंबर येणार म्हणून."

मी थांबायचं कबूल केलं. पण राग काही गेला नव्हता. या शहाण्यांना खरोखर किती येतं ते बघू, म्हणून मी बारावा पेपर असा काढला की मलाच सोडवायला दोन तास लागले.

निकाल लावला. सुमय्यानं पन्नासच्या पन्नास प्रश्न सोडवले होते. चोवीस बरोबर, सव्वीस चूक. निगेटिव्ह वजा जाऊन सत्तर. पेपर अवघड बघून बाकीच्या अकरांनी दीडशेऐवजी पन्नासच्या आतच हात आखडला होता, ते सगळे तिच्या खाली. आणि कविता? तिनं येत होते तेवढे एकोणीस प्रश्न सोडवले, एकोणीसही बरोबर आले, उरलेले कोरे सोडले. शहात्तर.

भाऊंनी नाव पुकारलं तेव्हा कविता मागं वळून बघत होती, कोणाला बोलावलंय म्हणून. पाकीट तिला मिळालं, भिंतीवरची जागाही तिलाच. सुमय्या बेंचकडे बघत बसली. मला फार वाईट वाटलं. माझ्या खुन्नसपायी त्या मुलीचा फॉर्म जाणार होता.

सोमवारी दुपारी प्रशांत पुन्हा स्टाफरूममध्ये आला.

"सर, भिशीत एखाद्याचा नंबर हुकला, तर उचललेल्या सगळ्यांनी भरून द्यायचं असतं."

"मग भरा की."

"अकरा जणांचे नऊशे झालेत. शंभर तुमच्याकडं."

"माझ्याकडं कसे?"

"पेपर कुणी काढला, सर?"

मी मुकाट्यानं शंभराची नोट काढली. मंगळवारी फॉर्म गेला.

मग मी भाऊंना सगळं सांगितलं. फसवणुकीपेक्षा भिंतीवरच्या रंगाचं बिल त्यांना जास्त लागलं. बक्षीस तिथल्या तिथं बंद झालं. पुढच्या रविवारी नवी सिरीज सुरू झाली, बिनपैशाची. सुमय्याला एकशे अठ्ठ्याऐंशी मिळाले, ती पहिली. पेपर घेऊन ती माझ्याकडे आली, चेहरा पडलेला.

"हजार होते तवा सत्तर पडले, सर. आता फुकटात पहिली आले."

आता मी नांदेडला रिटायर होऊन बसलोय. मार्कांना पैसे द्यावेत का, असं शेजारपाजारचे पालक अधूनमधून विचारतात. भाऊंनी त्या बारा आठवड्यांत बारा हजार वाटले, ते अभ्यास केल्याचे होते की मुद्दाम चुकल्याचे, हे मला आजही सांगता येत नाही. माझे शंभर कशाचे होते ते मात्र पक्कं माहीत आहे. तो दंड होता, आणि बरोबर माणसाला झाला होता.