ऑफिसातून दाबलेलं ‘सगळे एसी बंद’

मंडळी, आज जे झालं ते कुणाला तरी सांगायलाच हवं, म्हणून इथे लिहितेय.

दुबईत मंदी आली तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे: घरात माणूस नसेल तर एसी बंद. आता तर ते फोनवरूनच होतं. आज सकाळी ऑफिसात पोचल्यावर मी सवयीने अ‍ॅप उघडून ‘सगळे बंद’ दाबलं.

परवाच पुण्याहून सासूबाई आल्यात, त्या घरी एकट्या आहेत, हे मला दुपारी दोनला आठवलं. अ‍ॅपवर बेडरूमचं तापमान सदतीस. तीनदा फोन केला, उचलला नाही. सिलिकॉन ओएसिसमधल्या ऑफिसपासून डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरापर्यंत गाडी कशी चालवली, देव जाणे.

आई पलंगावर बसल्या होत्या. चेहरा लालबुंद, डोक्यावर ओला टॉवेल. फोन हॉलमध्ये चार्जिंगला.

“अहो आई, मला कळवायचं तरी.”

“तू फोनवरून बंद करतेस ना, परवा दाखवलंस की. म्हटलं, काहीतरी कारण असेल.”

रिमोट त्यांच्या उशाशीच होता.

आता त्या झोपल्यात. मी दर पाच मिनिटांनी श्वास चालू आहे ना बघून येतेय. तुमच्याकडे राहायला आलेली मोठी माणसं तुम्हाला न विचारता एसी लावतात का हो?