कोरडी रांग

साल १९९६. मी अठ्ठावन्न वर्षांचा. हे आजवर कोणापाशी बोललो नाही. बायको आधीच गेली होती, अन् पोराले सांगायची हिंमत झाली नाही. तुम्हाले सांगतो.

भिलाईच्या एका नर्सरीत मी माळी होतो. चौथी शिकलेला. पण माझ्या हातचं रोप सुकलं, असं म्हणायची कोणाची टाप नव्हती. पोरगा चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत, नातवंडं हिंदीत बोलणारी. कधी कधी तर आठवडाभर माझ्या तोंडून मराठी शब्द निघत नसे — कोणाशी बोलू?

अशातच सुधा आली. नागपूरची, पीएचडीवाली. शिवणीच्या झाडावर तिचा अभ्यास. इकडे त्या झाडाले खम्हार म्हणतात, लाकूड भराभर वाढते. माझ्याच खाटेवर बसून डबा खाये, अन् अर्धी भाकर मले देई. म्हणे, "काका, झाडात जीन तर सगळेच असतात. पण तहान लागली की त्यातला कोणता जागा होते, ते मले पाहायचं आहे."

म्हणून रोपांच्या दोन रांगा. एकीले रोज पाणी, दुसरीले थेंब नाही. मग दोन्हींची पानं तोडून, धूर निघणाऱ्या गार भांड्यात टाकून नागपूरले न्यायची. मधले दिवस ती नव्हती. रांगा माझ्या भरवशावर.

मे महिना. कोरड्या रांगेनं माना टाकल्या. तिथला दुसरा माळी रामाधार, चारचौघांत म्हणाला, "क्या दादा, बुढ़ापे में हाथ भी सूख गया क्या?" सगळे हसले. मी सांगतलं, हा अभ्यास आहे. ते आणखी हसले.

तेव्हा गप्प राहता आलं नसतं काय? आलं असतं. पण —

दुपारी सगळे सावलीत आडवे झाले की मी झारी उचलायचो. रोज. पानं उभी राहिली. रामाधारसमोरून मी मिशीवर हात फिरवत गेलो. सुधा यायच्या बेतात पाणी बंद केलं, वरची माती कोरडी होऊ दिली.

ती पाहतच राहिली. "काका, ही तर तहानेतही तरारून आहेत!"

"खम्हार चिवट असते," मी म्हटलं. पोरगी केवढी खूश झाली! पानं घेऊन गेली.

पावसाळ्यात परत आली, चेहरा उतरलेला. दोन्ही रांगांचे जीन सारखेच निघाले होते. तहानेचा एकही जागा झाला नव्हता. तिचे सर म्हणाले, तूच बेपर्वाई केली. पुन्हा करायले फेलोशिप उरली नव्हती. मले हळूच विचारलं, "काका, रागावू नका. पाणी तर नव्हतं ना दिलं कोणी?"

एक 'हो' म्हटलं असतं, तर तिच्यावरचा ठपका गेला असता. एवढंच तर होतं.

मी ओरडलो. "मले खोटं पाडून राहिली? तुझ्या बापाच्या वयाचा आहो मी!" रामाधार ऐकत होता. तिनं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसच्या आधी ती नर्सरीत आली. वाकून माझ्या पायाले हात लावला. म्हणाली, "काका, चुकलं माझं, तुमच्यावर शंका घेतली."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, "जा बेटा. माफ केलं."