दहाव्याच्या दुसऱ्या दिवशीचं ऑपरेशन

शनिवारी दुपारी तीन वाजता वसुधा गेली. ती माझी बायको होती, आणि बीडच्या ज्या हॉस्पिटलात मी भूल देतो तिथली स्टाफ नर्स होती. विसाव्या दिवशी, गुरुवारी, मी कामावर परत आलो. त्या दिवशी पीएसीला पहिला पेशंट कौशल्याबाई होत्या.

पीएसी म्हणजे ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञानं करायची तपासणी. लोकांना वाटतं, भूल देणारा डॉक्टर झोपेचं इंजेक्शन देतो आणि बाजूला बसतो. खरं काम आदल्या दिवसांत असतं. हृदय कसं आहे, श्वास कसा आहे, कोणती औषधं चालू आहेत, कोणती थांबवायची, कोणती अजिबात थांबवायची नाहीत, हे सगळं तेव्हाच ठरतं.

यातलं अर्धं काम वसुधा करून ठेवायची. वॉर्डात बायकांच्या खाटेवर बसायची आणि सकाळी डोळा उघडल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंत काय काय पोटात जातं ते विचारायची. मला त्या गप्पा वाटायच्या. मग माझ्या हातात एक चिठ्ठी यायची आणि मी फॉर्म भरायचो. गुरुवारी चिठ्ठी नव्हती. मी छापील फॉर्म समोर घेऊन बसलो.

कौशल्याबाई नेकनूरकडच्या. वय त्रेचाळीस, घरी शेरडं-मेंढरं. पित्ताशयात खडे होते आणि महिन्यातून दोनदा पोटात कळ उठायची. दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं होतं. शिवाय मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी फायब्रोमायल्जियाचं निदान केलेलं होतं.

या आजारात सर्वांग दुखतं, पण एक्स-रेत काही दिसत नाही आणि रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल येतात. झोप होते, पण थकवा जात नाही. शरीरातली दुखण्याची जाणीवच वाढलेली असते. तुम्हाला-मला जो स्पर्श वाटतो, तो यांना दाबल्यासारखा, चिमटल्यासारखा लागतो. दाखवायला जखम नसते, म्हणून घरचे आणि पुष्कळदा डॉक्टरही त्याला नाटक म्हणतात.

"काय काय दुखतं?" मी विचारलं.

"काय दुखत न्हाई ते इचारा, साहेब. लवकर हुईल सांगून."

मागे टोपी घातलेला नवरा उभा होता. तो म्हणाला, "गावात म्हणतेत, कामाचा कंटाळा हाय हिला."

"तुमीच म्हणत व्हता की आधी," बाई मागे न बघता म्हणाल्या. नवरा छताकडे बघायला लागला.

"गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी सोडली. दोन पाकिटं निघाली. दोन्ही फायब्रोमायल्जियाची, चिठ्ठीप्रमाणे बरोबर.

"याशिवाय काही?"

"न्हाई."

मी टिक केली. हातांवर निळसर डाग दिसले. विचारलं तर म्हणाल्या, शेरडं बांधताना लागतंय. तेही मी मान्य केलं. चेहरा गोल होता. बीपी शंभर-साठ. मी 'ठीक' लिहिलं.

अशा पेशंटची तयारी वेगळी असते आणि ती मी नीट केली, असं मला तेव्हा वाटलं. नेहमीच्या गोळ्या ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा घोटभर पाण्याबरोबर द्यायच्या. त्यातली एक अचानक थांबवली तर पेशंट बेचैन होतो. त्याच गोळीमुळे ऑपरेशननंतर दुखण्याचं एक नेहमीचं इंजेक्शन चालत नाही, ते मी लाल शाईनं लिहिलं. बीपीचा पट्टा उघड्या दंडावर बांधायचा नाही, खाली कापूस ठेवायचा. गुडघ्याखाली उशी. ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, एसी कमी आणि अंगावर गरम ब्लँकेट, कारण थंडीनं यांचं अंग जास्त धरतं. टाके पडतील तिथं बधिर करण्याचं औषध आधीच टोचायचं. वॉर्डातल्या सिस्टरना सांगितलं, या बाईंसमोर 'नाटक' हा शब्द कुणी काढायचा नाही.

ऑपरेशन शनिवारी होतं. लिस्टमध्ये पहिलंच.

सकाळी साडेआठला शबाना सिस्टरनं मला ओटीबाहेरच्या खोलीत बोलावलं. कौशल्याबाई खाटेवर पडून होत्या. ओठ कोरडे, कपाळावर घाम. पहाटेपासून दोन उलट्या झाल्या होत्या. बीपी शहाऐंशी-पन्नास. नाडी एकशे बारा. शुगर चौसष्ट.

"भ्या वाटतंय का?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"भ्यायला बी ताकत लागती, साहेब. उचलून न्या म्हणलं तरी न्हाई न म्हणायची मी."

सलाईन जोरात सोडलं. एक बाटली संपली. बीपी अठ्ठ्याऐंशी. दुसरी लावली. नव्वद, आणि पुन्हा शहाऐंशी.

सर्जन आले. मी त्यांना डॉक्टर के. म्हणतो. हात चांगला, स्वभाव घाईचा. पुढे अजून चार केसेस होत्या.

"काय झालं? घ्या की आत."

"बीपी मिळत नाहीये."

"रात्रीपासून उपाशी आहे, उलट्या झाल्यात, घाबरली आहे. दोन सलाईन गेल्यात ना? येईल वर."

"आलं नाही. दुसरी संपत आली."

"अहो, फायब्रोमायल्जिया आहे. यांचं रोज काहीतरी असतंच. परवा नुसता पट्टा बांधला तर ओरडली."

"ओरडताना बीपी वाढतं, सर. हिचं उतरलंय."

ते आवाज खाली आणून म्हणाले, "रागावू नका. तुम्ही अजून आठ दिवस घरी थांबायला हवं होतं. आत्ता तुम्हाला प्रत्येक पेशंट जाणारच असं वाटणार."

ते चुकीचं बोलत नव्हते. वीस दिवस मला तसंच वाटत होतं. ही भीती पेशंटच्या बीपीची आहे की माझ्या घरातली, हे मला त्या क्षणी नक्की सांगता आलं नसतं. पण भूल दिली की निरोगी माणसाचंही बीपी उतरतं. शहाऐंशीवरून ते कुठं जाईल, हे माहीत होतं. का उतरलंय, हे माहीत नव्हतं. कारण माहीत नसताना औषध देऊन बीपी चढवायचं आणि भूल द्यायची, तर बाई टेबलावरच जाण्याची शक्यता होती.

"दहा मिनिटं द्या," मी म्हणालो.

"दहाच."

मी बाहेर नवऱ्याकडे गेलो. ताप होता का, पोटात जास्त दुखलं का, एवढंच विचारायचं होतं. तो बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला होता. डोकं तुळतुळीत होतं. परवा टोपीच्या कडेला केस दिसल्याचं मला आठवत होतं.

"घरात कोण गेलं?" माझ्या तोंडून निघालं.

"चुलते. काल दहावा झाला, नदीवर केस दिले." त्यानं माझ्या डोक्याकडे पाहिलं. माझे केस जेमतेम उगवले होते. "तुमचं बी..."

"बायको."

"अरारा." तो बाकावर सरकला. मी बसलो. असं पेशंटच्या नातेवाइकाशेजारी बाकावर मी कधी बसलो नव्हतो.

"मोठ्या डॉक्टरला म्हणलं, दहावा हुस्तोवर थांबा," तो म्हणाला. "म्हणून आजची तारीख दिली. चुलते बापाच्या जागी होते आमच्या. दोन साल अंथरुणावर. समदं हिनंच केलं, हागणंमुतणं सुद्धा."

"एवढं अंग दुखत असताना?"

"पुडी घ्यायची ना. सकाळच्याला पुडी घेतली की घोड्यावानी उठायची. ह्या दहा दिसांत मात्र पार गळाटली."

"कसली पुडी?"

"अंगदुखीची. आष्टीकडं एक माणूस देतो. तीन साल झाले, लई गुण हाय. तिच्या बहिणीनं सांगितलं, तवा गेलतो आमी."

"मग दहा दिवसांत काय झालं?"

"सुतक की, साहेब. पुड्या देव्हाऱ्यात असतेत. देणाऱ्यानंच सांगितलंय, देवापाशी ठेवा, न्हाईतर गुण येत न्हाई. सुतकात देव्हाऱ्याला हात कसा लावावा? आता तेराव्याला देव धुतलं की परत सुरू करू."

"परवा मला का नाही सांगितलं?"

"तुमी चालू काय हाय ते इचारलं. तवा ती घेतच नव्हती."

मी उठलो. गोल चेहरा, हातावरचे डाग, उतरलेलं बीपी, कमी शुगर, उलट्या, सगळं एका ओळीत आलं. परवाच यायला हवं होतं.

यातलं शास्त्र थोडक्यात सांगतो. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर एकेक लहान ग्रंथी असते. ती रोज कॉर्टिसोल नावाचं स्टिरॉइड तयार करते. आजार, जखम, ऑपरेशन असा ताण आला की जास्त तयार करते, आणि त्यावर बीपी टिकतं. अंगदुखीच्या अशा पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टिरॉइड कुटून मिसळलेलं असतं. म्हणूनच गुण लगेच येतो, आणि म्हणूनच चेहरा गोल होतो, कातडी पातळ होऊन डाग पडतात. बाहेरून वर्षानुवर्षं मिळत राहिलं की ग्रंथी काम सोडून देतात. मग पुडी एकाएकी बंद झाली, तर शरीराकडे बाहेरचंही नसतं आणि घरचंही नसतं. अशा माणसाला भूल देऊन पोटावर सुरी ठेवली, तर उतरलेलं बीपी नेहमीच्या औषधांनी वर येत नाही.

डॉक्टर के. हात धुवायला निघाले होते.

"तीन वर्षं पुडी. अकरा दिवस बंद," मी म्हणालो.

ते थांबले. "स्टिरॉइड?"

"पुडी पाहिलेली नाही. पण दुसरं काही बसत नाही."

"कुणी बंद करायला सांगितली?"

"कुणी नाही. सुतक होतं."

"सुतकाचं मला माहीत होतं की," ते म्हणाले. "मीच तारीख पुढं ढकलली." मग हातातला ब्रश त्यांनी सिंकमध्ये टाकला. "इंजेक्शन द्या. केस कॅन्सल."

कॉर्टिसोलच्या तपासणीसाठी आधी रक्त काढलं. मग हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे तेच स्टिरॉइड, शिरेतून दिलं आणि साखरेचं सलाईन लावलं. मी खाटेशेजारी स्टूल ओढून बसलो. पंधरा मिनिटांनी नव्वद. माझा अंदाज चुकला असेल, तर मी एक सकाळ घालवली होती आणि खरं कारण अजून आतच होतं. अर्ध्या तासानं शहाण्णव. शबाना सिस्टर मोठ्यानं आकडा सांगायची आणि मी लिहायचो. पन्नास मिनिटांनी एकशे सहा-सत्तर. शुगर एकशे अठरा.

कौशल्याबाईंनी डोळे उघडले. "झालं का आपरेशन?"

"नाही. पुढं ढकललंय."

"मंग बरं कावून वाटायलंय?"

मी सांगितलं. पुडीचं ऐकून त्यांनी तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, "तेवढ्या एका पुडीवर उभी होते, साहेब. ती बी खोटीच निघाली का?"

पुडीतलं औषध खरं होतं. देण्याची पद्धत चुकीची होती, आणि आत काय आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. एवढंच मी म्हणालो.

कॉर्टिसोल फारच कमी आलं. दोन आठवड्यांनी ऑपरेशन झालं. त्या सकाळी बीपी एकशे अठरा होतं, स्टिरॉइडचा ठरलेला डोस दिलेला होता, पट्ट्याखाली कापूस होता. पाऊण तासात पित्ताशय निघालं. नंतर त्यांना इतरांपेक्षा जास्त दुखलं, दोन दिवस जास्त राहावं लागलं. तेवढं आम्ही धरूनच चाललो होतो.

पेशंटला आपण औषधांबद्दल विचारतो आणि तो उत्तर बरोबर देतो. बंद झालेल्या औषधाबद्दल विचारायचं राहून जातं. हे मी तीस वर्षं करत होतो आणि वसुधा ती उणीव गप्पांमधून भरून काढत होती, हे मला त्या बाकावर बसल्यावर कळलं. नवरा टोपी काढून बसला नसता, तर मी दहा मिनिटांनी आत गेलो असतो आणि बहुधा भूल दिली असती.

कौशल्याबाई आता स्टिरॉइडची लहान गोळी घेतात. ती हळूहळू कमी करत आणली आहे, पण अजून सुटलेली नाही. पोटातली कळ थांबली. अंगदुखी आहे. दर तीन महिन्यांनी येतात. वॉर्डात नवीन सिस्टर आली आहे आणि तिला तिची कामं पुष्कळ आहेत. पीएसी मी एकटाच करतो. एका पेशंटला अर्धा तास लागतो.