सरकीच्या खोलीतली कचेरी

कामरगावच्या आमच्या घरात महिन्यातले तीन दिवस माझे होते. बाकीचे चुलीचे.

लग्न होऊन आले तेव्हा माझ्या पेटीत साड्यांच्या खाली एक पत्र होतं. पुण्याची एक संस्था टपालाने इंग्रजी शिकवायची. तिच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका मी तपासायच्या, असं त्यात लिहिलं होतं. चाळीस पत्रिकांचा गठ्ठा यायचा, तो लाल पेन्सिलीने तपासून दहा दिवसांत परत करायचा. अमरावतीच्या कॉन्व्हेंटमध्ये मला शिकवलेल्या सिस्टरनी हे काम मिळवून दिलं होतं. मला चारचौघांत बोलता येत नाही, वर्गात शिकवणं मला कधी जमणार नाही, हे त्या ओळखून होत्या.

घरात कोणी हरकत घेतली नाही. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. त्यांचं बाजारात किराणा आणि सरकीचं दुकान होतं. त्यांनी पत्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "टपालानं येते, टपालानं जाते. घरातली बाई घरातच. करू द्या." नवऱ्याने मान हलवली. तो त्यांच्यासमोर बोलत नसे.

परवानगी मिळाली, पण वेळ द्यायला कोणाकडे नव्हता.

आमचं घर जैनांचं, आणि सासूबाई नेमाच्या पक्क्या. पहाटे विहिरीचं पाणी दुपदरी फडक्यातून गाळायचं, गाळलेलं फडकं पुन्हा विहिरीतच हळूच खंगाळायचं, म्हणजे त्यातले जीव पाण्यात परत जातात. मग सोवळ्याचा स्वयंपाक. संध्याकाळचं जेवण सूर्य मावळायच्या आत. हिवाळ्यात तर ऊन कलायच्या आधीच चूल पेटवावी लागे. दिवस मावळला की हात रिकामे होत, पण दिव्यावर किडे येऊन मरतात म्हणून दिवा लवकर मालवला जाई. राहिली दुपार. दुपारी तूर निवडायची असे, नाहीतर जाऊबाईंच्या दोन मुलींच्या वेण्या, नाहीतर देवळातून परतणाऱ्या बायांसाठी पाणी. मी पत्रिका उघडली की हाक येई.

"अवं, बसूनच हायेस तं हे लसूण तरी... नाही, लसूण तं आपल्यात चालत नाही. हे वाल सोल." सासूबाई स्वतःच हसायच्या.

त्यांच्या मते लिहिणं म्हणजे बसून असणं. मी वाल सोलत वाचायचे आणि कागदावर हिरव्या बोटांचे डाग पडायचे. पहिला गठ्ठा मी सोळा दिवसांनी पाठवला. संस्थेचं कार्ड आलं. भाषा सभ्य होती, पण पुन्हा असा उशीर चालणार नाही, असं त्यात होतं.

मग माझी पाळी आली आणि मला ती खोली मिळाली.

मागच्या अंगणात, गोठ्याला लागून, सरकीची पोती ठेवायची खोली होती. बाजूला बसायचं ते तिथे. एक चटई, एक घोंगडी, एक तांब्या. तीन दिवस कशाला शिवायचं नाही, कोणी हाक मारायची नाही. जाऊबाई ताट उंबऱ्यावर ठेवून सरकवायच्या आणि पाणी वरून ओतायच्या. मी गठ्ठा सोबत नेलेला त्यांनी पाहिला आणि सासूबाईंना विचारलं, "आत्याबाई, कागदाले शिवलं तं चालते का इले?"

सासूबाईंनी थोडा विचार केला. "पोथी नाही ना ते? इंग्रजी हाये. इंग्रजीले कायचा इटाळ?"

तीन दिवसांत मी चाळीसच्या चाळीस पत्रिका तपासल्या. सरकीचं एक पोतं पाठीला, एक पुढ्यात. सरकीचा तेलकट, उष्ण वास सुरुवातीला डोक्यात जाई, मग कळेनासा होई. त्या पोत्यावर कागद ठेवून मी एका वायरमनचे, एका साखर कारखान्यातल्या कारकुनाचे, एका विधवा शिक्षिकेचे काळ दुरुस्त करायचे. नववा धडा सगळ्यांना अवघड जाई. विषय होता 'माझा दिवस'. मी सहाला उठतो, सातला चहा घेतो, नऊ ते पाच कामावर असतो. एवढे आकडे मला चमत्कारिक वाटत. माझ्या दिवसात आकडे नव्हते. सूर्य होता आणि हाक होती.

मी संस्थेला लिहिलं की गठ्ठा अमुक तारखेच्या सुमारास पाठवला तर सोयीचं होईल. त्यांनी लगेच मान्य केलं. पुण्यातल्या कुठल्या तरी कारकुनाला माझी तारीख पाठ झाली होती. ती कशाची, ते त्याला कधी कळलं नाही.

"बसा, राणीसाहेब," जाऊबाई ताट सरकवताना म्हणायच्या. "कचेरी भरली तुमची. शिपाई जेवण घेऊन आला."

त्या तीन दिवसांत दोघींचं काम त्या एकट्या करत. त्या बाजूला बसल्या की त्यांचं मी करायचे, म्हणून हिशोब सरळ आहे असं मी मनाला सांगत असे. पण त्या बसल्या की झोपायच्या, इतक्या दमलेल्या असायच्या. मी बसले की उठायचे ते ताजी होऊन.

असं वर्षभर चाललं. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते, घरात धान्य होतं, आणि सासूबाईंना आता फक्त माझ्या पोटाची काळजी होती. त्यांनी देवळात नेम घेतला. माझी कूस उजवेपर्यंत तूप वर्ज्य. मी बाजूला बसल्याचं सांगितलं की त्या नुसतं "बरं" म्हणायच्या, आणि कोरडी भाकरी वरणात कुस्करायच्या. मला ते दिसायचं.

मग एका महिन्यात तारीख आली, गठ्ठा आला, आणि मी बाजूला झाले नाही. दोन दिवस वाट पाहिली, चार दिवस पाहिली. काय झालंय ते मला कळलं होतं. आनंद झाला असेल, पण तो मला आठवत नाही. आठवते ती फळीवरच्या गठ्ठ्याची सुतळी. मनात गणित मांडलं. नऊ महिने एकही दिवस नाही. त्यानंतर मूल.

सहाव्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिले आणि म्हणाले, "मी बाजूला झाले."

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

खोटं इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. मी कमी बोलणारी, त्यामुळे माझ्या चेहऱ्यावर काही शोधायची कोणाला सवय नव्हती. पुढच्या महिन्यातही तेच केलं. तिसऱ्या महिन्यातही. दर वेळी ठरवायचे, एवढा एक गठ्ठा, मग सांगेन.

तिसऱ्या वेळी जाऊबाईंना ताप होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ताट ठेवलं आणि परत न जाता उंबऱ्यावरच बसल्या. डोळे लाल होते. त्या दिवशी राणीसाहेब नाही, कचेरी नाही.

"दोरीवर तुहे कपडे नाही दिसले," त्या म्हणाल्या. "तीन महिने झाले, मी पाहून राह्यली."

पाळीचे कपडे गोठ्यामागच्या दोरीवर वाळायचे. ती दोरी मी विसरलेच होते.

मी पुढ्यातले कागद सारखे केले.

"मले आज उठवत नाही वं," जाऊबाई म्हणाल्या. "चुलीपाशी डोळ्यासमोर अंधारी येते. तू येतेस का आत? मी कोनाले नाही सांगत. म्हणू, चुकलं, दिवस मोजताना चुकलं."

माझ्या पुढ्यात अकरा पत्रिका उरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने टपालाची थैली कारंज्याला जाणार होती. मी काहीच बोलले नाही. मला बोलायला जमत नाही असं लोक म्हणतात, आणि मी ते खूप वेळा पुढे केलंय. त्या दिवशी मात्र मला बोलता येत होतं.

मग जाऊबाई चौकटीला धरून उठल्या.

"कर," म्हणाल्या. "तुही कचेरी आधी."

तासाभराने आतून भांडं पडल्याचा आवाज आला, मग मुलींचं रडणं. जाऊबाई चुलीसमोर घेरी येऊन पडल्या होत्या. माझं गुपित त्या बेशुद्धीत बोलल्या की शुद्धीवर येऊन, मला माहीत नाही. सासूबाईंची चप्पल अंगणात वाजली तेव्हा मी घाईने कागद पोत्यांच्या आड सारले. त्या खोलीत त्या कधीच येत नसत. आल्या, आणि थेट आत आल्या, मला शिवल्या, दंड धरून उजेडात उभं केलं.

"खरं हाये का वं?"

मी मान हलवली.

"बाप्पा!" त्यांचा चेहरा एकदम उजळला. तो मी विसरू शकत नाही. मग त्यांनी बोटांवर मोजलं. एक, दोन, तीन. चेहरा हळूहळू विझला.

"तीन महिने मी कोरडी भाकर खाल्ली," त्या म्हणाल्या. "अन् तू माह्या नातवाले इटाळात घेऊन बसली. कागदासाठी?"

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला पाठीमागून हळूच धरून घरात नेलं, पायरी सांभाळ म्हणाल्या. जाऊबाई भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. मी त्यांच्याजवळ बसले. त्यांनी कूस बदलली नाही.

काम सोड असं मला कोणीच म्हटलं नाही. तेवढीही लढाई माझ्या वाट्याला आली नाही. "कर ना, कोन नाही म्हनते," सासूबाई म्हणायच्या, आणि हातात परात द्यायच्या. जाऊबाई महिनाभर अंथरुणाला खिळल्या, त्यामुळे दोन्हीकडचं माझ्यावर आलं. ते देणंच होतं. तो गठ्ठा मी कसाबसा पुरा करून उशिरा पाठवला. संस्थेचं पत्र आलं. एक उत्तरपत्रिका कमी आहे. मी ताठ्याने उत्तर दिलं की मी चाळीस मोजून पाठवल्या. खरं तर मोजल्या नव्हत्या. पुढचा गठ्ठा तेवीस दिवस फळीवर राहिला, आणि मी तो निम्मा न तपासताच परत केला. मग गठ्ठे आले नाहीत.

मुलगी झाली. सासूबाईंनी तूप घेतलं. नातू नव्हता, पण नेम कुशीचा होता, असं त्या म्हणाल्या.

बाळंतिणीचा सव्वा महिना पुन्हा त्याच खोलीत. मी दिवस आधीच मोजून ठेवले होते. तीन नव्हे, चाळीस. आठव्या महिन्यातच संस्थेला लिहिलं होतं की अमुक काळात मी कितीही पत्रिका तपासू शकेन. उत्तर बाळंतपणानंतर आलं. कार्ड जाऊबाईंनी आणलं. त्या आता माझ्याशी बोलत, पण थट्टा करत नसत. कार्ड ताटाशेजारी ठेवून गेल्या. त्यावर लिहिलं होतं, काम दुसऱ्या बाईंना दिलं आहे, आणि हरवलेल्या पत्रिकेचा खुलासा न झाल्याने पुढे विचार करता येणार नाही.

दोन-तीन दिवसांनी मुलीचं दुपटं पोत्यामागे पडलं म्हणून मी हात घातला. दुपट्यासोबत एक घडी पडलेला कागद आला. नववा धडा. त्या वायरमनचा. तेलाने कागद पारदर्शक झाला होता, तरी अक्षर लागत होतं. मी सहाला उठतो. सातला चहा घेतो. खाली त्याने मराठीत लिहिलं होतं, बाई, या खेपेला पास करा, खात्याची परीक्षा जवळ आहे.

सगळा धडा बरोबर होता. शेवटच्या ओळीत फक्त एक क्रियापद चुकलं होतं. माझी लाल पेन्सिल जाऊबाईंच्या धाकटीने कधीच अंगणात घासून संपवली होती. मुलगी उठली, रडू लागली. मी कागद चटईखाली सरकवला आणि तिला घेतलं.