शिवणाऱ्या बाईचं कुंकू

रथसप्तमी, १९५३. गार्डन रीचच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू. हजर: मी, बदलीवर आलेल्या दोघा ऑफिसरांच्या बायका, जन्मापासून कलकत्त्यातच असलेल्या बालीगंजच्या काकू, आणि दोन वर्षं आमच्या मराठी घरांत येऊन ब्लाउज शिवणारी बंगाली बाई. तिला मीच बोलावलं होतं. फाळणीनंतर ती पूर्व बंगालातल्या बारिसालहून एकटी आली. घराची व्यवस्था लावून मागून येतो म्हणालेल्या नवऱ्याची तीन वर्षं काही खबर नव्हती.

आम्ही मराठी माणसं या शहरात कुठेही मोकळेपणी मराठीत बोलायचो. ट्राममध्ये, बाजारात, नोकरांदेखत. कुणाला कळणार?

"यांच्याकडे हळद माशाला लावतात हो," एकजण म्हणाली. सगळ्या हसल्या. दोनशे वर्षांपूर्वीच्या मराठा स्वाऱ्यांवरून बंगाली शेजारी आपल्याला लुटारू बर्गी म्हणतात, याचा राग मात्र आम्हा सगळ्यांनाच होता.

मी करंडा घेऊन तिच्यापाशी गेले, तशा काकू म्हणाल्या, "थांब गं. नवरा आहे की नाही, कुणी पाहिलंय?"

"भांगात सिंदूर आहे की, काकू."

"निर्वासित ते. रेशनसाठी काय वाटेल ते सांगतात."

तिने हातातली तिळगुळाची वाटी खाली ठेवली. "लावू नका, दीदी," ती स्वच्छ मराठीत म्हणाली. "मलाही ठाऊक नाही." आणि चप्पल घालून गेली.

मग काकू म्हणाल्या, "अगं बाई, हिला मराठी येतं?" त्यांना नवल वाटलं ते एवढ्याचंच.

आमचे हे महिन्यातले पंधरा दिवस लाईनवर असतात. माझ्या कपाळाकडे बघून कुणी पुरावा मागत नाही. ते कुंकू क्वार्टरसारखंच हुद्द्याबरोबर मिळालेलं.

पुढच्या आठवड्यात ती मापं घ्यायला आली. भांग कोरा, हातात सवाशिणीच्या शंखाच्या बांगड्या नाहीत.

"काही कळलं का?" मी विचारलं.

"नाही. कोण कळवणार? हात वर करा."

मी म्हटलं, यांना सांगून सीमेवरच्या स्टेशनात चौकशी करवते. ती टेपवरचा आकडा वाचत राहिली.

यांना सांगितलं. "हजारो माणसं हरवलीत," हे म्हणाले, "स्टेशनमास्तर कुणाकुणाला शोधणार? बघू." नंतर मी दोनदा आठवण करून दिली, मग आमचीच बदली निघाली. ती चौकशी अजून व्हायची आहे.