पाच यार्डांच्या पुढे

पुण्यात कॉलेजच्या कबड्डी संघात मी कोपऱ्यावर खेळायचो. चढाईला आलेल्याचा घोटा धरायचा आणि मेलो तरी सोडायचा नाही, एवढंच मला येत होतं आणि ते झकास येत होतं. त्यामुळे नोकरीसाठी आयर्लंडला आल्यावर ल्यूकनजवळच्या एका हौशी क्लबात अमेरिकन फुटबॉल खेळायला गेलो, तेव्हा मी बचावातच उभा राहणार हे ठरलेलं होतं. पहिल्याच सरावात सवयीने शेजारच्या आडदांड आयरिश गड्याचा हात धरून साखळी केली. मी नाचायला बोलावतोय असं वाटून तो लाजला. सगळं मैदान हसलं, मीही हसलो.

खेळ तसा सोपा. त्यांचा एक जण चेंडू लांब फेकतो, दुसरा पुढे धावत जाऊन झेलतो. त्या झेलणाऱ्याला, म्हणजे रिसीव्हरला, चिकटायचं आणि झेलू द्यायचं नाही, हे माझं काम. आता व्यावसायिक खेळाचा नियम ऐका. पहिल्या पाच यार्डांत काय धक्काबुक्की करायची ती करा, त्यापुढे त्याला अडवायचं नाही! कुठे वळायचं ते त्याला ठाऊक, मला नाही. तो सरळ पुढे पळणार, मी उलट्या पावली. तरी हात लागला की पंचाचा पिवळा रुमाल पडतो, म्हणजे फाऊल. चेंडू हवेत असताना लागला, तर चेंडू झेललेला नसतानाही तिथपर्यंतची जमीन त्यांना फुकट. हा कुठला न्याय, सांगा!

आमचे कोच शाळेत पीटी शिकवायचे. २०१८च्या हिवाळ्यात रविवारी संध्याकाळी त्यांच्या घरी आम्ही टीव्हीवर व्यावसायिक सामने बघायचो. चेंडू फेकणाऱ्याला पाडताना अंगाचं वजन त्याच्यावर टाकलं तरी गुन्हा, यावर त्या वर्षी फारच कडकपणा चालला होता.

"मग पडताना हवेत तरंगायचं का?" मी ओरडलो.

कोच शांतपणे म्हणाले, "लोकांना गुण बघायचे असतात. पास झेलले गेले की गुण होतात, गुण झाले की लोक टीव्ही लावतात. तुझ्यासारख्या अडवणाऱ्यासाठी कोण नियम करणार? तुझे पाय चपळ आहेत. रिसीव्हर हो, एकदम ग्रँड होशील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते चूक बोलले असते तर मी सोडून दिलं असतं. ते बरोबर बोलत होते.

वसंतात आमचे सामने सुरू झाले. हौशी खेळाचे नियम जरा सैल असतात, पण आमच्या पंचांचे डोळे टीव्हीवरच तयार झालेले. पहिल्या दोन सामन्यांत माझ्यावर दोन रुमाल पडले. कोचनी सगळ्यांसमोर सांगितलं, आणखी एक पडला तर कोपरा विसर. मग रिसीव्हर, नाहीतर बाक.

माझी बायको जवळच्या टॅला गावातल्या इस्पितळात नर्स होती. ती म्हणाली, "अरे, मग हो ना रिसीव्हर! पळायचं, झेलायचं, टाळ्या घ्यायच्या. तुला खेळायचंय की भांडायचंय?"

"दोन्ही."

"मग बस बोंबलत," ती म्हणाली, पण तिसऱ्या सामन्याला छत्री घेऊन आली.

शेवटची काही सेकंदं उरली होती, आम्ही दोन गुणांनी पुढे होतो आणि त्यांचा शेवटचा प्रयत्न होता. हा पास अडला की सामना आमचा. मी मागे उभा राहून त्यांच्या रिसीव्हरला निवांत झेलू दिलं असतं, तर माझ्यावर रुमाल पडायची भीती नव्हती. पण मग मी तिथे उभा कशाला होतो? मी चिकटलो. अंगाला अंग लागू दिलं नाही, मान वळवली, चेंडू दिसला, उडी मारली आणि बोटांनी तो खाली पाडला. चिखलात पडल्या पडल्या मी आरोळी ठोकली. मग बाजूला पिवळा रुमाल दिसला.

त्या फुकटच्या जमिनीवरून त्यांनी लाथेने चेंडू खांबांमधून मारून तीन गुण घेतले आणि आम्ही हरलो.

त्यांच्या रिसीव्हरने येऊन हात मिळवला. "तू मला शिवलाही नव्हतास. भारी खेळलास."

"मग पंचांना सांग की!"

"मी कशाला सांगू?" तो हसत म्हणाला. माणूस वाईट नव्हता, नियमच त्याच्या बाजूचा होता.

कोच जवळ आले. "स्वच्छ खेळलास, मी पाहिलं. पण सगळ्यांसमोर बोललोय. पुढच्या रविवारी रिसीव्हर म्हणून ये."

"कोपरा," मी म्हणालो.

"मग बाक."

"चालेल."

बायकोने कपाळावर हात मारला.

मी दर रविवारी पॅड बांधून बाकावर बसलो. कोच विचारायचे, "आज रिसीव्हर?" मी नाही म्हणायचो. उन्हाळा सरता सरता त्यांनी विचारणं सोडून दिलं. मी पॅड बांधणं सोडलं नाही.