तांबीचं कार्ड

गर्भ राहू नये म्हणून तांबी बसवली की आम्ही नर्सेस त्या बाईला एक कार्ड देतो. कधी बसवली, कधी काढायची, ते त्यावर लिहिलेलं असतं. आज तीन मुलींच्या आईने ते माझ्याकडेच परत सरकवलं. "सिस्टर, घरात सापडलं तर जीव घेतील माझा. तुमच्याकडेच राहू द्या."

बाहेर सासू बसली होती. सुनेला दिवस राहण्याचं औषध मिळतंय, अशा समजुतीत.

एवढीशी तांबी पोटात लपते, पण वीतभर कागद लपवायला अख्ख्या घरात बाईला जागा नाही.

मी कार्ड खणात टाकलं. आधीच्या बायकांची कार्डंही तिथेच आहेत. येत्या महिन्यात मी निवृत्त होतेय. या खणाची किल्ली कुणाच्या हाती देऊ?